पाली विभागाचं रिकामं पद

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने, आणि संघाच्या गोल शिक्क्यासह, कळविण्यात येते की जिल्हा हौशी कुस्ती संघाचे पाली विभागाचे मार्गदर्शक धोंडू वस्ताद यांनी कार्यकारी मंडळाची पूर्वपरवानगी न घेता, लेखी अर्ज न देता व पदाचा कार्यभार कोणाकडेही न सोपवता, आज शुक्रवारी सकाळी कायमची रजा घेतली आहे. सदर रजा मंजूर करावी किंवा कसे, याचा निर्णय पुढील सभेत होईल.

हे मी शुक्रवारी संध्याकाळीच टाइप केलं, धोंडू. तुला पोचवून परत आलो, पाय धुतले, चहा नको म्हटलं आणि मशीनपुढे बसलो. रडायचं होतं मला. पण इतकी वर्षं चिटणीसगिरी केलेल्या माणसाचं रडूसुद्धा 'कळविण्यात येते की' असंच सुरू होतं. कागद फलकावर लावला नाही, घडी करून खिशात ठेवला. तू वाचला असतास तर मांडीवर थापा मारत हसला असतास, आणि मग मध्येच थांबून विचारलं असतंस, "आनि माज्या जागी कोन?"

तेच तर सांगायला बसलोय. तुला निम्मं ठाऊक आहे, पण हा कागद आणखी कोणी वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मध्ये तोंड घालू नकोस. आता तरी.

जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग तुटून वेगळा झाला, संघाचा पसारा आटला आणि आम्हा मंडळींना पुनर्रचनेची खाज सुटली. तोवर आपले विभाग तीन होते: शहराचा, किनाऱ्याचा आणि पालीचा. शहरात कदम सर, किनाऱ्याला मालगुंडचे उस्मानभाई, पालीला तू. नवा ठराव असा, की तिन्ही पदं रद्द. शहरात गादी टाकायची, गादीवरच्या कुस्तीचं रीतसर शिक्षण घेतलेले कदम सर सगळ्या जिल्ह्याचे एकच प्रशिक्षक, आणि तू नि उस्मानभाई 'सल्लागार'. ज्या तालमीला स्वतःचा मार्गदर्शक नाही, तिची नोंद संघातून निघणार. नोंद निघाली की तिथल्या पैलवानांना संघाच्या नावाने कुठे उतरता येणार नाही. थोडक्यात, पालीच्या तालमीला कुलूप.

"सल्लागार म्हंजे काय ता?" तू भर सभेत विचारलंस. "लंगोट न लावता बोलतो तो?"

अध्यक्ष बापूसाहेबांच्या तोंडातला चहा टेबलावर आला. आंब्याच्या बागा, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज असलेला तो माणूस. तुझ्यावर रागवायचं असलं की आधी हसू आवरायला त्याला पाच मिनिटं लागायची.

पण धोंडू, ठराव वाईट नव्हता. हे मी तू गेल्यावरही म्हणणार. आठवतं ना, तुका गादीवर पहिल्यांदा उतरला तो दिवस? तुझा पट्टशिष्य, तीस वर्षांचा गडी, रस्त्याच्या कामावर दगड फोडून दंड असे झालेले, की सदरा शिवायला शिंपी दोनदा माप घ्यायचा. शिट्टी वाजली. तुका तालमीतल्या सवयीने खाली वाकला. समोरच्याच्या अंगाला माती लावावी, पकड घट्ट व्हावी, म्हणून त्याने मूठ भरायला हात घातला. हाताला लागलं रबर. बिचारा गादी चाचपत राहिला, अंधारात चष्मा शोधावा तसा, आणि समोरच्या पोराने सावकाश त्याचा पाय उचलला. गुण गेले. मग आणखी गेले. आपण दोघं बाकावर बसलो होतो. मी कपाळाला हात लावला, आणि तू? तू अभिमानाने छाती फुगवून म्हणालास, "बघलंस? रीत नाय इसरला."

कोल्हापूरहून परतीच्या बसमध्ये आपण आंबा घाट उतरेपर्यंत भांडलो. मी म्हणालो, जग गादीवर गेलंय. तू म्हणालास, "गुनांवर जिंकलेला मानूस घरी जाऊन आयशीला काय सांगनार? पाच-तीन?" मी म्हणालो, तुझ्या हट्टापायी तुका हरला. मागच्या खिडकीतून तुझा धुतलेला लंगोट बाहेर वाळत होता, नेहमीसारखा, फडफडत. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो तुझी पताका वाटत असेल. त्या दिवशी तू तो घाटाखाली साखरप्यालाच आत ओढून घेतलास. ओलाच.

त्याच आठवड्यात मी ठराव लिहिला. होय, मी.

मग रत्नागिरीत मांडवीला माझ्या घरी तू आलास, तो रविवार. ओट्यावर बसलास, पाण्याचा तांब्या एका दमात संपवलास आणि सायक्लोस्टाइल केलेला तो कागद माझ्यापुढे धरलास. "वामन्या, ह्या कोनी लिवलान?"

"बापूसाहेबांनी," मी म्हणालो.

तू कागदाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "पुनर्रचना ह्यो शब्द बापूच्या तोंडात मावतो तरी काय?" एवढंच. त्यात राग नव्हता, धोंडू. उठताना तू मला हिशेब समजावून गेलास. मंडळात मतं आठ, चिटणीसाला मत नाही, तो फक्त मोजतो. चार त्यांची, चार तुमची. आणि आपल्या संघाचा नियम असा, की कुस्ती असो वा मतदान, बरोबरीत सुटलं तर जुना मानकरी कायम. "म्हंजे काय होनार नाय," म्हणालास. "तू लिव, लिव. तुजा हात चांगला हाय."

माझा हात चांगला आहे हे मला पहिल्यांदा तूच सांगितलंस. विशीत मी तुझ्या मातीच्या हौद्यात उतरलो होतो, काडी पैलवान, कचेरीतल्या नोकरीचा पहिला महिना. तू मला उचललंस आणि इतक्या हळू खाली ठेवलंस, की हरलो हे मला पंचाने सांगावं लागलं. माझ्या पाठीवरची माती झटकत म्हणालास, "पडतोस झ्याक. कुस्ती ऱ्हाऊ दे, तू संघाचे कागद लिव." माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं आहे. आणि मी त्याच हाताने तुझं पद रद्द करायचा कागद लिहिला, वर तोंडावर खोटं बोललो.

शुक्रवारी सकाळी तू हौद्याच्या कडेला टेकलास आणि उठला नाहीस. चाराची तीन झाली. मला ही बातमी द्यायला तुका सायकलवरून आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? ठराव पास झाला. दुसरा विचार तुझा होता. या क्रमाबद्दल माफी मागायची राहिली आहे, ती इथे मागतो.

आता जे सांगतो ते बायकोला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पालीला तालमीत गेलो. तुका एकटाच होता. वस्ताद गेला की तेरा दिवस माती उकरायची नाही, पाणी घालायचं नाही, ही तुमची रीत. आपल्याकडच्या जांभ्याच्या खड्यात कुस्ती होत नाही म्हणून तू घाटावरून पोत्याने आणलेली, चाळून चाळून मैद्यासारखी केलेली, ताक आणि कापूर पाजलेली ती माती. तीन दिवस ऊन काचेच्या कौलांतून थेट तिच्यावर पडत होतं. तिला भेगा पडायला हव्या होत्या.

"काका, सुकत नाय," तुका म्हणाला.

"रात्री दव पडत असेल."

"आतमंदी? कौलाखाली?" त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "हात लावा."

मी वाकलो आणि हात लावला. माती ओली होती, आणि कोमट. ऊन लागलेला दगड कोमट असतो, तशी नव्हे. मला तो कोमटपणा ओळखीचा होता. डाव खेळून उठलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा, तसा. मी हात काढून घेतला तर बोटांचे ठसे मातीत राहिले नाहीत. सावकाश, श्वास भरून घ्यावा तशी, ती वर आली.

"तुम्ही काय ते करा सभेत," तुका म्हणाला. "तालीम बंद झाली तर ह्या कोनी संभाळायचा?" 'हे' म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. एवढा दांडगा गडी, पण दारातच उभा राहून बोलत होता.

परतीची बस कोल्हापूरकडून आलेली. तुझ्या थांब्यावर मी चढलो. कंडक्टर तो घाटावरचा, मिशीवाला, तुझ्याशी दर वेळी लंगोटावरून भांडणारा. मी चढल्यावरही त्याने दार धरून ठेवलं, चारेक क्षण. मग लावून घेतलं आणि दोनदा घंटी मारली. माझं तिकीट फाडता फाडता म्हणाला, "वस्तादास्नी सांगा की वो, लंगोट आत घ्या म्हणावं. मागनं ट्रकवाला हॉर्न मारतोय."

मी म्हणालो, "कुठे आहेत वस्ताद?"

"आत्ता न्हाई का तुमच्या मागनं चढलं? मागं बसल्यात."

मागची सीट रिकामी होती. खिडकी उघडी. बाहेर काही फडफडत नव्हतं, पण खिडकीच्या पत्र्यावरून पाण्याचा एक बारीक ओघळ सीटपर्यंत उतरला होता. कंडक्टरला खरं सांगायला हवं होतं. पण पुढे घाट नसला तरी वळणं होती, आणि ड्रायव्हर कान देऊन ऐकत होता. मी काय केलं असेल? उठलो, दांडा धरत धरत मागे गेलो आणि त्या रिकाम्या सीटला म्हणालो, "आत घे रे, लोक बघताहेत." परत जागेवर येऊन बसलो. मागचा हॉर्न थांबला. कंडक्टर समाधानाने म्हणाला, "तुमचं ऐकत्यात बघा."

माझं तू कधी ऐकलंस रे?

रत्नागिरीला उतरेपर्यंत मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. भीती वाटली, हे कबूल. पण भीतीच्या खाली, अगदी तळाशी, काय होतं सांगू? आनंद. भांडण संपलं नाही याचा.

सभा दहाव्या दिवशी, रविवारी, दुपारी चारला. मांडवीच्या शाळेतला तोच वर्ग, तीच टेबलं. उस्मानभाई मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत उभे राहिले. आयुष्य बोटीवर काढलेला माणूस, बोलतो कमी. म्हणाले, "अध्यक्ष, आमचा मानूस गेलाय. तेरावा तरी होऊ द्या."

"वरच्या संघाकडे यादी पाठवायची आहे, उस्मानभाई," बापूसाहेब म्हणाले. "कोण मार्गदर्शक, किती तालमी, सगळं कळवायचंय. मला काय हौस आहे?" आणि खरंच, त्यांचे डोळे लाल होते. तुझ्या मातीला आले तेव्हापासून मघापर्यंत रडत असल्यासारखे. विरोधकांना मोठेपणा शोभतो म्हणतात. आपल्याकडे तो अध्यक्षांकडेही होता, फक्त तोंडावाटे बाहेर येत नव्हता.

दोन मिनिटं आपण, म्हणजे आम्ही, शांत उभे राहिलो. दाराकडून वास आला. ताक आणि कापूर. तू सभेला कधी बसायचा नाहीस, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचास, खुर्चीत बसलं की मांड्या आळसावतात म्हणून. कदम सरांनी दोनदा नाक ओढलं, माझ्याकडे बघितलं आणि पटकन भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. चौकटीत कोणी नव्हतं. पायरीवर तुका पाठमोरा बसला होता, सायकल आडवी टाकून.

"चिटणीस, ठरावाबद्दल काही सांगायचंय?" बापूसाहेबांनी विचारलं.

'मागे घेतो.' एवढंच म्हणायचं होतं, धोंडू. ठराव माझा, कागद माझा, खोटं माझं. जीभ उचलली सुद्धा. पण पंचवीस माणसांपुढे नक्कल करून दाखवणारा हा तुझा वामन्या, त्याला खरं बोलायची वेळ आली की स्वतःचाच आवाज सापडत नाही. "नाही," मी म्हणालो.

मतदान आपल्या रीतीने. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, म्हणून सांगतो. कुस्तीत हात वर होतो तो जिंकणाऱ्याचा, तेव्हा मतासाठी सगळ्यांनी हात वर करणं म्हणजे कुस्तीची थट्टा, असं आपल्या जुन्या मंडळींनी ठरवलेलं. शिवाय एकदा हात मोजताना दोन बाकं मोडली होती. म्हणून सगळ्यांनी डोळे मिटायचे, चिटणीसाने मान वहीत घालायची आणि ज्याचं मत असेल त्याने मांडीवर एक शड्डू ठोकायचा. चिटणीसाने आवाज मोजायचे. नीट ऐकू आला नाही तर तो परत ठोकायला लावायचा. गुप्त मतदान! जिल्ह्यात याच्याइतकं उघडं मतदान दुसरं नसेल, कारण शड्डूवरून माणूस न ओळखणारा त्या खोलीत एकही नव्हता. बापूसाहेबांचा ओल्या ढोलासारखा, उस्मानभाईंचा पाण्यावर वल्हं आपटल्यासारखा. आणि तुझा दोन आवाजांचा: आधी तळहाताचा भरदार, आणि मागून, जरा उशिरा, मोडून वाकडी बसलेल्या करंगळीचा. धप्प, टक्. मी सगळ्यांच्या नकला करतो, पण तो टक् मला आयुष्यात जमला नाही. माझी करंगळी सरळ आहे.

"ठरावाच्या बाजूने," मी म्हणालो.

बापूसाहेब. कदम सर, किंचित दबकत. शहरातले दोघं. चार.

"विरुद्ध."

वल्हं. मग आतल्या गावांतले दोघं, पाठोपाठ, जोरात, जणू जोराने एक मत वाढणार होतं. तीन. वहीत मी तीनचा आकडा काढला. उजव्या हातात पेन, डावा पंजा वहीवर सपाट. हे मुद्दाम सांगतो, कारण आता सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. पायरीवर तुका होता खरा, पण त्याच्याही दहा बोटांत एक वाकडं नाही, आणि आवाज पायरीवरून आला नाही. चौकटीतून आला.

धप्प.

टक्.

समुद्र चालू होता. शाळेचा पंखा चालू होता. माझ्या खालचं बाक मात्र हललं, कारण त्यावर बसलेले कदम सर हलले. कोणी डोळे उघडले नाहीत, कारण चिटणीसाने आकडा सांगेपर्यंत उघडायचे नसतात, आणि त्या दिवशी तो नियम सगळ्यांना फार आवडला. वहीतल्या तीनवर शाईचा थेंब पडला. माझी छाती इतकी धडधडत होती, की तीसुद्धा मत म्हणून मोजली जाईल असं वाटलं. तीन लिहू की चार? चार लिहिलं तर बरोबरी. बरोबरी म्हणजे जुना मानकरी कायम, पद कायम, पालीची नोंद कायम, आणि तुकाला त्या जागी बसवायला मोकळीक. पण आठव्या मताचा धनी नऊ दिवसांपूर्वी आम्हीच पोचवून आलो होतो, आणि तसं वर कसं कळवायचं? आयुष्यभर मी नियमाच्या आड लपलो, तसाच तेव्हाही लपलो. मान वर न करता, चिटणीसाच्या कोरड्या आवाजात म्हणालो, "शेवटचा शड्डू नीट ऐकू आला नाही. ज्यांचा असेल त्यांनी पर—"

आणि ज्यांनी हा ठराव वर्षभर डोक्यावर घेतला होता ते आमचे अध्यक्ष, बापूसाहेब, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली, अख्ख्या मांडवीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "चार लिही रे बाबा, चार! परत ठोकायला लावू नकोस त्याला!"